आल्सीदच्या ओढ्यावरच्या काठ्या

बापाचं नाव सांगून सुटू बघणारा हा आणखी एक, असं आनिकला वाटलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

रविवारची सकाळ होती. सेंत-ओदिल गावाबाहेर रानातून जाणाऱ्या स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या गाड्यांच्या, वाटेवर आनिक आणि तिचा पोलिसातला जोडीदार पात्रीस तपासणीला उभे होते. वाट गावच्या स्नोमोबाइल क्लबची, पण जमीन लोकांची. कुणाचं शेत, कुणाचं कुरण, कुणाचं मेपलचं रान. मालकांनी तोंडी हो म्हटलेलं, हातात हात दिलेला, बस्स. तेवढ्यावर हिवाळाभर शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात, पेट्रोल भरतात, सूप पितात, खोल्या घेतात, आणि गावाची चूल पेटते. एखाद्या मालकाचं डोकं फिरलं आणि त्यानं वाटेवर गवताचे भारे आडवे टाकले, की कारभार ठप्प. म्हणून थंडी पडायच्या आत घरोघर जायचं, कॉफी प्यायची, गुरांची चौकशी करायची आणि पुन्हा एकदा हात हातात घ्यायचा. हे काम आनिकचा बाप ओमेर करायचा. क्लबचा अध्यक्ष होता तो. उभी हयात त्यानं या वाटेत घातली होती.

अशा माणसाची मुलगी पोलिसात, आणि वर्षानुवर्षं शहरात काढून बदलीवर परत आपल्याच गावात. लोक सोडतात होय! ती पाव घ्यायला गेली तर दुकानातच कुणीतरी म्हणालं, "आता काय, घरचंच पोलीस खातं. ओमेरचं नाव सांगायचं आणि निघायचं." दुकानभर हशा झाला. आनिकही हसली, पण ते तिच्या मनाला लागलं. तेव्हापासून ती दंडाच्या पावत्या अशा फाडायला लागली की पात्रीससुद्धा म्हणायचा, "मॅडम, जरा दमानं."

त्या सकाळीही तेच चाललं होतं. एकजण म्हणाला, "अगं, मी तुझ्या बापाबरोबर हॉकी खेळलोय." आनिक म्हणाली, "मग खेळाडूसारखी सही करा." दुसरा म्हणाला, "ओमेरला काय वाटेल?" ती म्हणाली, "अभिमान वाटेल." तोंडाला तिखट होती पहिल्यापासून. आणि खरं सांगायचं तर मजाही यायला लागली होती तिला.

मग ती दोघं वाटेनं पुढं ओढ्यापाशी आली. वाट इथं गोठलेल्या ओढ्यावरूनच पलीकडं जायची. आठवडाभर हवा उबदार होती, छपरं ठिबकत होती. आदल्या रात्री पुन्हा गारठा पडला होता आणि वरचा बर्फ कसा छान कडक दिसत होता. ओढ्याच्या काठावर एक जुनाट पिवळी स्नोमोबाइल उभी होती, पत्रा तारेनं बांधलेली. पुढच्या काचेवर क्लबच्या परवान्याचा स्टिकर नाही. मागं दोरानं जोडलेली लाकडी घसरगाडी, आणि त्या घसरगाडीत क्लबच्या केशरी काठ्यांचा ढीग. वाट कुठून जाते हे दाखवायला बर्फात रोवतात त्या काठ्या. एक म्हातारा वाकून पुढची काठी उपसत होता.

"ओ काका!" आनिक ओरडली. "काय चाललंय हे?"

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. डोक्यावर लोकरी टोपी, तोंडाला मफलर, भुवयांवर दहिवर. तो फार सावकाश बोलत होता, शब्द शोधून शोधून. "तू ओमेरची पोर ना? आनिक?"

झालं! तिचं टाळकं सटकलं.

"सार्जंट म्हणायचं. आणि माझ्या बापाचं नाव इथं चालत नाही. परवाना कुठाय?"

"परवाना... मला नाही लागत. हे माझं..."

"हो ना, तुमचंच! वाट तुमची, काठ्यापण तुमच्याच. घरी नेऊन टोमॅटोला लावणार होता का?"

मागं तेवढ्यात शहरातल्या पाचसहा गाड्या येऊन थांबल्या होत्या. ते लोक खदाखदा हसले. एकानं फोन काढून चित्रण सुरू केलं. आनिकला ते दिसलं, आणि तिचा आवाज आणखी चढला. माणसाला बघणारे मिळाले की असंच होतं.

म्हातारा म्हणाला, "पोरी, ऐक तर. खाली बर्फ..."

"जे काय सांगायचं ते न्यायाधीशांना सांगा. आधी या काठ्या होत्या तिथं परत रोवा. सगळ्या. मी बघत्येय."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग त्या हसणाऱ्या लोकांकडं पाहिलं, आणि मान खाली घातली. एक एक काठी घेऊन तो ओढ्यावर गेला. पाऊल टाकताना तो आधी काठीनं ठोकून बघत होता, थांबत होता, मग पुढं जात होता. आनिकला वाटलं, मुद्दाम वेळ काढतोय. "पाय उचला जरा!" ती म्हणाली. सगळ्या काठ्या रोवून झाल्यावर तिनं पावती फाडली. परवाना नसल्याची. नाव विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आल्सीद." आडनाव तिनं ऐकलं, लिहिलं, पण ते तिच्या ओळखीचं नव्हतं. ती गावात नव्हती त्या वर्षांत आलेला माणूस.

"ही गाडी आता वाटेवर आणायची नाही. आणि काठ्यांना पुन्हा हात लावलात तर गाडी जप्त करीन. समजलं?"

"समजलं, सार्जंट," आल्सीद म्हणाला. पावती त्यानं नीट घडी करून आतल्या खिशात ठेवली. शहरातल्या गाड्या भरधाव ओढ्यावरून निघून गेल्या आणि आनिकही आपल्या वाटेनं गेली. पात्रीस म्हणाला, "काठीचोर! हे नवीनच." दोघं वाटभर हसत राहिली.

दुपारी चर्चच्या सभागृहात जमीनमालकांचं जेवण होतं. वर्षातून एकदाच असतं ते. रीत अशी की क्लबच्या लोकांनी मालकांना आपल्या हातानं वाढायचं, आणि शेवटचा मालक खुर्चीवर बसेपर्यंत कुणी चमच्याला हात लावायचा नाही. मग जेवणं झाली की मालक, त्यांची बायकापोरं, क्लबवाले, सगळ्यांनी गाड्या काढायच्या आणि पूर्ण वाट एकत्र फिरून यायची. सगळ्यात पुढं ओमेर.

आनिकची ड्युटी संपली होती. गणवेश तसाच ठेवून, वर एप्रन बांधून ती वाटाण्याचं सूप घेऊन उभी होती. खिमा भरलेल्या तूर्तियेरचा वास सुटला होता, सगळे बसले होते, आणि जेवण सुरू होत नव्हतं. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती.

"हा माणूस कधी उशीर करत नाही," ओमेर घड्याळाकडं बघत म्हणाला. "त्याच्या मेपलच्या पाकाशिवाय माझं जेवण गोड नाही लागायचं."

"कोण राहिलंय?" आनिकनं विचारलं.

"आल्सीद. ओढ्यापलीकडच्या म्हातारीचा भाऊ गं. ती गेली, आता ओढा आणि सगळं रान त्याचं. तू ओळखत नाहीस. तो तुला ओळखतो मात्र. तुझा गणवेशातला फोटो दहादा दाखवलाय मी त्याला. माझ्यापेक्षा जास्त कौतुक त्याला."

आनिकनं हातातलं पातेलं टेबलावर ठेवलं. हे माझं, असं तो सकाळी म्हणत होता. आपल्याच जमिनीवर फिरायला मालकाला परवाना लागत नाही, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. ओमेरची मुलगी असून तिला ते सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं कसलं, तिनं ऐकूनच घेतलं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून ईवों आत आला. क्लबचा हा माणूस थट्टेखोर, पण आज त्याचा चेहरा उतरला होता. "ओमेर, आल्सीद ओढ्यावर उभा आहे. वाटेच्या मधोमध. मफलर हलवून येणाऱ्या सगळ्यांना वरच्या पुलाकडं पाठवतोय. लोक शिव्या देतायत त्याला. एकजण तर त्याच्या पायावरच गाडी घालत होता."

"पण का?" ओमेर उठला. "सकाळी घरून फोनवर निरोप ठेवला होता त्यानं. खालून बर्फ पोकळ झालाय, काठ्या काढून वाट पुलाकडं वळवतो म्हणून. काठ्या काढल्या असतील तर उभं राहायचं काय कारण?"

"काठ्या आहेत तिथंच. ओढ्यावरच आहेत."

आता बोलायला हवं होतं. आनिकला ते कळत होतं. हॉकीवाला समोरच बसला होता, पावाच्या दुकानात हसलेले दोघं-तिघंही होते. पण ती एवढंच म्हणाली, "मी जाऊन बघते." बोलली आणि स्वतःचीच किळस आली तिला.

"थांब, मीपण येतो," बाप म्हणाला.

वाटभर तिला बोलता आलं असतं. बापाच्या मागं गाडीवर बसली होती ती, लहानपणी बसायची तशी, तोंड त्याच्या पाठीशी. इंजिनाच्या आवाजात काय बोलायचं, असं तिनं मनाला समजावलं. मन ऐकेना.

आल्सीद ओढ्याच्या काठावर उभा होता. त्याची गाडी वाटेपासून लांब, झाडांत नेऊन ठेवलेली. वाटेवर आणू नका, असं सार्जंटनं सांगितलं होतं ना! तिथं फोन लागत नाही, आणि जागा सोडली तर येणाऱ्याला अडवणार कोण? म्हणून सकाळपासून म्हातारा पायांवर उभा होता, मफलर हातात, मान उघडी, गाल पांढरे पडलेले.

ओमेर उडी मारून उतरला. त्यानं बर्फावर एक दांडका आपटला आणि आतून रिकामं भांडं वाजावं तसा आवाज आला. त्याचा चेहरा बदलला.

"अरे आल्सीद! जेवणं झाली की आम्ही सगळे इथनंच येणार होतो. बायका, पोरं! निरोप ठेवतोस काठ्या काढतो म्हणून, आणि काढत नाहीस?"

आल्सीदनं आनिककडं पाहिलं नाही. तो म्हणाला, "विसरलो, ओमेर. वय झालं."

"विसरलास? तू? एवढी वर्षं तुझ्या भरवशावर झोपतो रे मी! लोकांचे जीव गेले असते! तुला होत नसेल तर सांगायचं, मी दुसरा माणूस लावीन."

"हो," आल्सीद म्हणाला. "चुकलं माझं."

तो ते अंगावर घेत होता. इतक्या सहज, कुणाचं तरी ओझं आपल्या खांद्यावर घ्यावं तसं. आता आनिकनं नुसतं गप्प बसायचं होतं. प्रकरण मिटलं असतं. बाप चिडला असता, मग विसरला असता. गावात काही कळलं नसतं. आणि या माणसाकडं इथून पुढं सगळे विसराळू म्हातारा म्हणून बघणार होते, कारण हिला पाव घेताना कुणी हसलं होतं.

"बाबा, ते खोटं बोलतायत," ती म्हणाली. "काठ्या काढल्या होत्या त्यांनी. मी परत रोवायला लावल्या. या बर्फावर चालायला लावलं त्यांना, आणि वर पाय उचला म्हटलं. चोर ठरवलं. लोकांसमोर. ते सांगत होते बर्फाचं, मी ऐकलं नाही. आणि पावती फाडली."

"कसली पावती?"

"परवान्याची."

"त्याच्याच जमिनीवर?"

आनिकनं मान डोलावली. ओमेरनं एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं टोपी काढली, आणि आल्सीदसमोर उभा राहिला. पोरीनं केलेलं बापाच्या मानेवर बसलं होतं. तो म्हणाला, "आल्सीद, वाट बंद करायची असेल तर कर. मी एक शब्द बोलणार नाही."

"वाट कशाला बंद करू?" आल्सीद सावकाश म्हणाला. "जेवण थांबलं असेल ना तिकडं? माझ्यामुळं सगळे उपाशी."

हे ऐकून आनिकला रडू फुटलं. तिनं कुणाची वाट पाहिली नाही, काठाशी पालथी पडून एक एक काठी ओढून घ्यायला लागली. लांबच्या काठ्यांना बापानं दोरीचा फास टाकला. बर्फ खालून करकरत होता. आल्सीद मदतीला पुढं झाला आणि मध्येच थांबला.

"हात लावू का?" त्यानं विचारलं. "सकाळी नको म्हणालीस."

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. टोमणा असता तर तिनं सोसला असता.

"लावा ना काका," ती कशीबशी म्हणाली. "तुमच्याच आहेत." मग हातातल्या काठ्या टाकून ती त्याच्यापाशी आली. "ती पावती द्या मला. ठाण्यात जाऊन मी लिहून देते, चूक माझी म्हणून. आणि आज जेवताना सगळ्यांसमोर सांगते."

"दे की सोडून."

"नाही. लोकांसमोर केलं, लोकांसमोरच सांगणार. द्या."

आल्सीदनं हात कोटाकडं नेला. बटणाशी बोटं चाचपडली, घसरली, पुन्हा चाचपडली. ती वळतच नव्हती. त्यानं हात खाली सोडला आणि ओशाळून हसला.

"तूच काढ, पोरी," तो म्हणाला. "माझी बोटं गेलीत."

आनिकनं हातमोजे काढले आणि त्याच्या कोटाचं बटण सोडलं.