ठकुबाईचा गूळ-चुना

पायात काटा मोडला, मांडीला गळू आलं, की दिघाशीतले लोक ठकुबाईच्या ओट्यावर यायचे. ती गुळात चुना मळून लेप थापायची, आणि दोन दिवसांत गळू फुटायचं. असं असताना पोटची पोर, मेघाली, डोळ्याखालचा टरारून सुजलेला फोड घेऊन थेट पडघ्याच्या डॉक्टरकडे गेली. ठकुबाईला ते चांगलंच झोंबलं.

डॉक्टरने गोळ्या दिल्या, कोमट फडक्याने शेकायला सांगितलं आणि बजावलं, डोळ्याजवळ आहे, हात लावायचा नाही. मेघाली इमानेइतबारे शेकत बसली. तीन दिवस झाले तरी सूज हलेना. ती पूर्णा गावातल्या गोदामात कामाला होती. तिथे हजेरी तोंड दाखवून लागते, आणि गेटवरचं मशीन तिचं सुजलेलं तोंड ओळखेना. सुपरवायझरने घरी पाठवलं.

"सोमवारपर्यंत सूज न्हाय उतरली तर दुसरी पोरगी ठेवतील, आये," मेघाली रडकुंडीला आली.

"मंग माझा ऐक. एका दुपारात बसवते."

"तो डोळा हाय, पाय न्हाय."

"मला शिकवतेस?"

पोर दमली होती. ती आडवी झाली. ठकुबाईने लेप लावला, अगदी जपून, डोळ्यापासून बोटभर लांब. पण पत्र्याखालच्या उकाड्यात गूळ पाघळला. झोपेतच मेघालीने कूस बदलली आणि लेप डोळ्यात उतरला. तिची किंकाळी चार घरांपलीकडे ऐकू गेली. ठकुबाईने कळशीभर पाणी डोळ्यावर ओतलं, पण पोरीला पापणी उघडवेना.

रिक्षा भिवंडीकडे निघाली. ठकुबाईने घाबरून पोरीचं डोकं मांडीवर धरलं होतं, आणि एवढ्या भीतीतही तिला स्वतःची अब्रू आठवली. माणसाचा हाही एक कोडगेपणाच. ती मेघालीच्या कानाशी म्हणाली, "चुन्याचा काय बोलू नको. फेसवॉश गेला म्हन."

डोळ्यांच्या डॉक्टर आसावरीबाईंनी विचारलं, "काय गेलं डोळ्यात?"

मेघाली कण्हत म्हणाली, "फेसवॉश."

"बरं. मग घाबरू नका. थोडं धुऊन ड्रॉप घालते, बाहेर बाकावर बसा. नंतर नीट बघते."

बाकावर बसायचं? ठकुबाई दारातच अडली. आत चुना पोरीचा डोळा जाळत होता आणि ते डॉक्टरांना ठाऊकच नव्हतं.

"चुना हाय, बाई!" ती ओरडलीच. "मीच लावला. खोटं बोलायलाबी मीच सांगितला."

डॉक्टरांनी लगेच मेघालीला टेबलावर घेतलं, पापणी उलटी केली. आत चुन्याचे पांढरे कण चिकटले होते. ते एकेक करून काढले, आणि सलाईनच्या पाण्याने अर्धा तास डोळा धुतला. मग म्हणाल्या, "वेळेवर बोललात. डोळा वाचेल असं वाटतंय. किती दिसेल, ते आठ दिवसांनी कळेल."

मेघाली पट्टी बांधून भिंतीला टेकून बसली. उघड्या डोळ्यातून पाणी गालावर ओघळत होतं. ते पुसायला ठकुबाईने पदर पुढे केला.

मेघालीने झटक्यात मान मागे घेतली. तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"लागला काय गं?" ठकुबाईने विचारलं.

"न्हाय," मेघाली म्हणाली, आणि आईचा हात खाली जाईपर्यंत तिने मान तशीच मागे धरून ठेवली.