येतोस की येतेस

पोटापाण्यासाठी मी लहान मुलांचे आवाज काढते. पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, पण कार्टूनमधली ती बडबडी खार मीच. त्यामुळे घरात माझ्या कुठल्याही कामाला खारीचा वाटाच म्हणतात. माझा दादा तर त्याच्या घरी पलीकडच्या खोलीत टीव्ही लागला तरी ओरडतो, "आली बघा खार."

एका दिग्दर्शिकेचा फोन आला तेव्हा मी आधी वैतागलेच. तिला सतरा वर्षांच्या मुलीसाठी आवाज हवा होता. "अगं, तरुण पोरी संपल्या का सगळ्या?" मी विचारलं. "तुमचाच हवाय," ती म्हणाली.

तिचा माहितीपट चार ट्रान्स मुलांच्या मोठं होण्यावर होता. तिघांची घरं पाठीशी उभी, म्हणून त्यांचे चेहरे उघडे. चौथीला घरी मुलगा म्हणूनच ओळखत होते. ती कित्येक वर्षं आपल्या खोलीत मोबाईलवर स्वतःचं चित्रण करत आली होती. चित्रात चेहरा पुसट करून झाला होता. तिचा आवाज मी माझ्या आवाजानं झाकायचा, घरच्यांचे आवाज दुसरं कुणी, एवढंच काम.

स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत बसले आणि हेडफोन चढवला. मुलीचा खरा आवाज फक्त माझ्या कानात. पडद्यावर ती आरशासमोर उभी राहून हळूच बोलत होती, "आज कानातले घातले. छान दिसते मी." तेवढ्यात बाहेरून एक पुरुष खेकसला, "काय चाललंय आत?" तिनं आवाज जाड केला. "काही नाही बाबा. आलो."

'दिसते' आणि 'आलो' यांच्यामध्ये तिनं एक लहानसा श्वास घेतला होता. माझ्यासारखीनं तो श्वास नीट पकडायचा असतो. पण तो माझ्याकडून सुटला. बाहेरून खेकसणारा आवाज दादाचा होता.

म्हणजे ती चिकू. माझा भाचा. भाची. मला नीट विचारही करता येईना. दादाचा राग मी लहानपणापासून बघत आलेय. मागच्या वर्षी त्यानं चिकूच्या खोलीची कडी उचकटून काढली आणि सगळ्यांना सांगितलं, दार फुगलं होतं म्हणून.

मी हेडफोन काढून बाहेर आले. दिग्दर्शिकेनं माझ्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. "तिनंच तुमचं नाव सुचवलं," ती म्हणाली. "आत्याला तोंडानं सांगायची हिंमत होत नाही म्हणाली. ती म्हणते, आत्यानं आवाज दिला, तर तिला मी चालते असं समजेन. नाही दिला, तर तिच्याकडे हा विषय कधीच काढणार नाही."

येडी पोर. सगळ्या जगातून नेमका माझा आवाज निवडला. दादानं दोन शब्द ऐकले की त्याला कळणार, मग तो त्या पुसट चेहऱ्याकडे निरखून बघणार, मागची भिंत बघणार. मी आवाज दिला तर पोर पकडली जाणार, आणि नाही दिला तर तिला वाटणार, आत्यानंही झिडकारलं.

"तिला फोन करून मी का नाही म्हणतेय ते सांगा ना," मी म्हटलं.

"परवापासून तिचा फोन बंद आहे."

तिथूनच मी दादाला फोन लावला आणि उगाच हसत विचारलं, "चिकूचा फोन लागत नाही रे?"

"माझ्याकडे होता," दादा म्हणाला. "पोरगा काहीतरी लपवतोय. पासवर्ड सांगत नाही. दुकानात दिलाय उघडायला, उद्या मिळेल."

त्या फोनमध्ये काय काय होतं ते मी आत्ताच बघून आले होते. "स्पीकरवर टाक ना," मी म्हटलं, "पोराशी दोन शब्द बोलते."

त्यानं टाकला. ती तिथेच आहे हे मला कळत होतं.

"चिकू, एका मुलीला आवाज द्यायचं काम आलंय बघ. मुलगी फार गोड आहे. जीव जडला माझा तिच्यावर. पण मला ते करता येणार नाही. दादा, तू माझा आवाज कुठेही ओळखशील ना?"

"झोपेतसुद्धा," दादा म्हणाला.

"म्हणून नाही करता येणार. कळलं ना चिकू?"

तिला कळलं, की मी नुसती गोड बोलून सुटले असं वाटलं, काही समजेना. उद्या फोन उघडणार होता. आडून आडून बोलायला आता वेळच नव्हता.

"माझ्याकडे येतेस का राहायला?" मी विचारलं.

"काय म्हणालीस?" दादाचा आवाज.

"जीभ घसरली रे. दिवसभर पोरींचे आवाज काढते मी." मी हसले. एकटीच हसले.

मग चिकू बोलली. जाड आवाजात नाही. मघाशी माझ्या कानात होता, त्याच आवाजात, बापासमोर.

"घ्यायला ये, आत्या. मी वाट बघते."

पलीकडे खुर्ची जोरात सरकली आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला नाही. दिग्दर्शिका काहीतरी विचारत होती, आणि मी चपला तिथेच टाकून जिना उतरत होते.