यादीत नाव नाही

सरकारी नकलाखात्यात मी चिकटले ती मामाच्या वशिल्याने. तेव्हा वशिल्याशिवाय तिथे झाडूवालासुद्धा लागत नसे, त्यामुळे हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. मामा पुढाऱ्यांच्या बैठकीत खुर्च्या मांडता मांडता वर चढलेला. त्याने त्यातल्याच एका बड्या साहेबांची चार ओळींची चिठ्ठी आणली आणि दुसऱ्या दिवशी मला टेबल मिळालं. जुन्या दस्तांच्या नकला हाताने करायच्या, हेच तिथलं काम. पण माझं अक्षर कसं आहे, हे कुणी विचारलंही नाही.

खात्यात आम्ही सतरा जण. कुणी साहेबांचा साडू, कुणी साडूचा भाचा. त्यातले पाच जण काम करायचे, बाकीचे पगाराच्या दिवशी उगवायचे. हेडक्लार्क मला 'चिठ्ठीबाई' म्हणत. सहा वर्षं मान मोडून मी नकला केल्या, पानावर कधी खाडाखोड नाही, तरी त्यांच्या लेखी मी चिठ्ठीबाईच.

मग सरकार बदललं आणि नवा कायदा आला. परीक्षा न देता लागलेल्या सगळ्यांनी आता परीक्षेला बसायचं. पास झालात तर राहा, नाहीतर घरी. आमच्या घरी आई, तिचं शिवणयंत्र आणि माझा पगार, एवढंच होतं.

त्याच आठवड्यात मामा आणखी एक चिठ्ठी घेऊन आला.

"हिला परीक्षेतून सूट द्यावी, असं लिहून आणलंय. साहेबांचा शब्द अजून चालतो म्हटलं."

"मला नको, मामा. मी परीक्षेला बसणार."

"आणि आपटलीस म्हणजे?"

"आपटले तर माझी मी आपटेन."

"ताई, हिचं डोकं फिरलंय," मामा आईला म्हणाला. "वाढलेलं ताट लाथाडतेय."

आई सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "सहा वर्षं दुसऱ्याने वाढलेलं जेवली. एकदा तिच्या हाताने वाढून घेऊ दे की."

परीक्षा एका शाळेत होती. माझा नंबर दोनशे अठरा. शेजारच्या बाकावर आमचे हेडक्लार्कच येऊन बसले. कागद उलटसुलट करून हळूच म्हणाले, "चिठ्ठीबाई, इथे वर नाव कुणाचं घालायचं?"

"कुणाचंच नाही. आपलंसुद्धा नाही. फक्त नंबर."

"मग त्यांना कळणार कसं, कोण कुणाचा ते?"

"कळू नये म्हणूनच तर."



कसरीने खाल्लेला दोन पानी दस्त समोर आला. तासाभरात त्याची बिनचूक नक्कल करायची होती. बाकीच्यांची पेनं खाली पडताना ऐकू येत होती. मी मात्र शेवटची वेलांटी नीट वळवली आणि मगच पेन ठेवलं.

निकालाच्या दिवशी जायचा मला धीर होईना, म्हणून मामा गेला. तासाभराने परत आला आणि चपला न काढता उंबऱ्यावरच बसला.

"नाव नाही तुझं," तो म्हणाला.

आईचं यंत्र थांबलं.

"तीनदा वाचली यादी, खालून वर, वरून खाली. आणि तुझंच काय, साहेबांच्या साडूचंही नाही. कुणाचंच नाव नाही. लॉटरीसारखे नुसते आकडे डकवलेत मेल्यांनी."

"आकडे?"

नंबराचा कागद उचलून मी जे निघाले ते थेट कचेरीच्या भिंतीपाशी. मामा मागून धापा टाकत. यादी गुणांप्रमाणे लावलेली होती. दुसऱ्याच ओळीत दोनशे अठरा. मी त्यावर बोट ठेवलं. मामाने चष्मा पुसला, माझ्या हातातला कागद घेतला आणि एकेक आकडा ताडून पाहिला. मग पुन्हा पाहिला.

फाटकावरचा शिपाई हसत म्हणाला, "काय मामा, परत लावलीत वाटतं भाचीची वर्णी?"

मामा म्हणजे गावात कुणाचं लग्न जमलं तरी 'मीच शब्द टाकला होता' म्हणणारा माणूस. तो ताठ उभा राहिला.

"माझा यात काडीचाही हात नाही," मामा म्हणाला. "मी काहीसुद्धा केलेलं नाही."

घरी येईपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला थांबवून त्याने हेच सांगितलं, आणि दर खेपेला त्याचा आवाज थोडा चढत गेला.