अकरा सेकंद बाकी असताना

टपरच्या हॉलिसने फोन केला नाही त्याला तीन आठवडे होत आले होते, आणि आयडेल प्रॅथरला घास गोड लागत नव्हता.

हे दोघं एकमेकांचे कोण, असं विचाराल तर कोणीच नाहीत. आठ वर्षांत एकदाही भेटलेले नव्हते. ती ब्रँटनची, तो टपरचा. मध्ये सत्तर मैल कापसाची शेतं आणि एक नदी. पण सकाळी नऊला डेल रेनीचा रेडिओवरचा कार्यक्रम सुरू झाला की दोघं फोन लावायची आणि अर्ध्या अलाबामाच्या साक्षीने भांडायची. विषय एकच, कॉलेजांचं फुटबॉल, ते चेंडू हातात घेऊन पळायचं. आयडेल कॅलोवे कॉलेजची. शिकली नव्हती ती तिथे, शाळा संपली तशी थेट मोज्यांच्या गिरणीत कामाला लागली होती. पण कॉलेजचं असायला कॉलेजात जावं लागतं असं तिकडे कोणी मानत नाही. हॉलिस टॅल्मेज कॉलेजचा, म्हणजे जन्माचा वैरी.

"अहो हॉलिस," ती सुरुवात करायची, "तुमच्या त्या कोचला अजून किती वर्षं पोसणार? संघ मार खातोय आणि हा कडेला उभा राहून च्युइंगम चघळतोय."

"मिस आयडेल, आमचा च्युइंगम तरी चघळतो. तुमचा पंचांचं डोकं खातो."

"आम्ही मोठ्या कॉन्फरन्समध्ये, तगड्या कॉलेजांच्या गटात खेळतो म्हटलं! तुमच्या कॉन्फरन्समध्ये कोण आहे? चर्चच्या सहलीला आलेली पोरं."

"मोठ्या कॉन्फरन्समध्ये तुम्ही खेळता कुठे, बाई? तिथे तुम्ही मार खाता. आम्ही तोच मार घराजवळ खातो, प्रवास वाचतो."

डेल मध्ये पडायचा नाही. त्याला ठाऊक होतं, लोक जाहिराती ऐकून घेतात ते या दोघांसाठी.

आयडेल एकाहत्तर वर्षांची. नवरा बक जाऊन सव्वीस वर्षं झाली. मुलगी टेक्ससला, रविवारी फोन करणारी, तोही गाडी चालवता चालवता. बाकीच्या दिवशी आयडेलशी दिवसभरात मनापासून बोलणारा माणूस कोण, तर हा न पाहिलेला वैरी. ती हे कोणाजवळ कबूल करणार नव्हती. पण सकाळी सात वाजल्यापासून आज हॉलिसला काय सुनवायचं याची जुळवाजुळव सुरू व्हायची, आणि बाराला रेडिओ बंद केल्यावर घर फार मोठं वाटायचं.

आणि तिच्या भात्यात एक बाण असा होता की त्यावर हॉलिसकडे उत्तर नव्हतं.

कॅलोवे आणि टॅल्मेज वर्षातून एकदाच भिडतात, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. त्या आठवड्यात आयडेल शहाण्णव सालची गोष्ट सांगायची. दरवर्षी, तीच, त्याच शब्दांत; लोक वाट बघायचे. कॅलोवे वीस, टॅल्मेज सतरा. अकरा सेकंद बाकी. टॅल्मेजचा बत्तीस नंबरचा पोरगा चेंडू पोटाशी धरून सुटलेला, पुढे मैदान मोकळं, मागे कोणी नाही, शेवटची रेघ दोन पावलांवर, ती ओलांडली की सामना त्यांचा. "आणि मग काय झालं, डेल?" ती विचारायची. "काय झालं, मिस आयडेल?" डेल न चुकता म्हणायचा. "कोणी हात लावला नाही. कोणी फुंकर मारली नाही. आणि लोणीबोट्याच्या हातातून चेंडू गळाला! टपकन! जणू काही सकाळच्या पावाला लोणी लावून हात न धुताच आला होता!"

लोणीबोट्या हे नाव तिनेच ठेवलेलं. मग ते सगळ्या राज्याने उचललं. त्या नावाचे टी-शर्टसुद्धा निघाले होते.

खरं सांगायचं तर त्या पोराचं तिला काहीच पडलेलं नव्हतं. ती गोष्ट सांगायची ती बकसाठी. त्या दिवशी ती आणि बक स्टेडियममध्ये होते, वरच्या रांगेत. चेंडू गळाला तसं बकने तिला उचलून गरागरा फिरवलं होतं, तिचा एक बूट खाली कुठल्या तरी माणसाच्या डोक्यात पडला होता. त्या माणसाने बूट वर फेकून दिला तोही हसत. मार्चमध्ये बक गेला. इतकी खूश ती त्याच्या आधी कधी नव्हती आणि नंतर तर नाहीच. ते अकरा सेकंद सांगताना बकचे हात अजून कमरेला लागायचे.

ही गोष्ट निघाली की हॉलिस माघार घ्यायचा. एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, पण इथे एवढंच म्हणायचा, "डेल, मी ठेवतो. चुलीवर बीन्स आहेत."

"पळाले!" आयडेल ओरडायची. "करपल्या बीन्स!" आठ वर्षं, आठ वेळा बीन्स. टपरच्या हॉलिसच्या बीन्स म्हणजे राज्यभर विनोद झाला होता.

तर असा हा हॉलिस ऑगस्टच्या मध्यावर फोन करायचा थांबला. हंगाम तोंडावर आलेला असताना! आयडेलने आधी चिडवून पाहिलं. "हॉलिस, घाबरलात का? नवीन कोच बघून दातखीळ बसली?" उत्तर नाही. पहिल्या शनिवारी टॅल्मेज चक्क जिंकलं, एकतीस–तीन. सोमवारी ती फोन कानाला लावून बसून राहिली. आज तर मिरवायला येईलच. नाही आला. तेव्हा तिने मंगळवारी तो एकच बाण काढला. नोव्हेंबर लांब होता, ऋतू नव्हता, पण तिने अख्खी गोष्ट सांगितली, पहिल्यापेक्षा रंगवून. लोणी, पाव, टपकन, सगळं. "आता तरी बीन्स करपवायला या!" डेल हसून हसून खोकला. टपरहून फोन नाही.

मग तिला वाटू लागलं, आजारी असेल. एकटाच राहत असेल, न्हाणीघरात पडला असेल, कोणाला कळलंसुद्धा नसेल. पुढच्या सोमवारी तिने कॅरॅमल केक केला. वर पांढऱ्या साखरेने झोकात आकडे काढले, २०–१७. असेल नसेल ती सगळी खोडी त्या आकड्यांत ओतली. दारात उभं राहून केक पुढे करायचा आणि त्याचं तोंड बघायचं, एवढीच तिची इच्छा. केकच्या ताटाला खालून सवयीने नावाची चिकटपट्टी लावली, नाहीतर ताट परत येत नाही, आणि गाडी काढली.

आडनाव ठाऊक नव्हतं. टपर हे चौकाएवढं गाव, म्हणून ती चौकातल्या खाणावळीत शिरली. केकचं खोकं हातातच होतं. गल्ल्यावरच्या बाईने तिच्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं आणि तिचा आवाजच खाली आला.

"हॉलिस पीव्हीकडे ना? तिसरं घर, हिरवा पत्रा. बरं झालं आलात, मॅम. परवा मातीला अख्खं गाव होतं, पण आज बिचारा एकटाच असेल."

"कोणाच्या मातीला?"

"रँडलच्या, त्याच्या मुलाच्या. गुरुवारी गेला. सुटला म्हणायचं, एवढ्या वर्षांचं दुखणं." बाईने भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर एका पोराचा फोटो होता. वीस-एकवीस वर्षांचा, कान जरा बाहेर आलेले, हसू असं की खोटं हसताच येत नसावं. अंगात टॅल्मेजची जर्सी. बत्तीस.

रँडल पीव्ही. हे नाव आयडेलला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं. सत्तावीस वर्षांत ते तिने एकदाही उच्चारलं नव्हतं, कारण तिने त्याला दुसरं नाव दिलं होतं.

ती गाडीत येऊन बसली. परत फिरावं, असं तिच्या मनात आलं. त्यासाठी तिला दोष देऊ नका, तुमच्याआमच्याही आलं असतं. किल्ली फिरवली, पुन्हा बंद केली. मग गाडीच्या पुढच्या कप्प्यातून प्लास्टिकचा चमचा काढला आणि केकवरचे आकडे खरवडायला बसली. शून्य निघालं, सात निघाला, पण खालचं कॅरॅमल उखडलं आणि मध्ये एक खड्डा राहिला. खरवडलेली साखर रुमालात बांधून तिने पर्समध्ये ठेवली. बाहेर टाकवेना.

हिरव्या पत्र्याच्या घराचं दार उघडंच होतं. आवाजावरून तिने मनात जो मनुष्य उभा केला होता तो धिप्पाड, लाल तोंडाचा होता. जाळीच्या दारामागे आला तो हाडकुळा म्हातारा, पँट खांद्यावरच्या दोन पट्ट्यांनी धरलेला.

"मला फार वाईट वाटलं," ती म्हणाली. "म्हणजे, मी आत्ताच ऐकलं..."

एवढंच पुरलं. आवाज आठ वर्षं ऐकलेला.

"मिस आयडेल," तो म्हणाला. त्याने जाळीचं दार ढकललं. "या आत. केक द्या इकडे, जड आहे."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जागा नव्हती. कोंबडी, बटाटे, मक्याचे पाव, गावाने दुःखाच्या घरी आणून दिलेलं, सगळ्या ताटांना नावाच्या पट्ट्या. त्याने दोन ताटं सरकवून केक ठेवला, झाकण काढलं आणि मधल्या खड्ड्याकडे पाहिलं. काय होतं तिथे, हे त्याने विचारलं नाही. दोन बशा काढल्या, सुरी धुतली, खड्ड्याच्या कडेने तुकडे कापले.

"हॉलिस, मला माहीत नव्हतं. देवाशपथ."

"तुम्हाला कसं माहीत असणार? मी कधी आडनाव सांगितलं नाही. आडनाव सांगितलं असतं तर डेलने मला बोलू दिलं नसतं, नुसतं तेवढंच विचारत बसला असता."

स्वयंपाकघरातून मागची खोली दिसत होती. गादी गुंडाळलेला लोखंडी पलंग, खिडकीत रेडिओ. फोन भिंतीवर, दारापाशीच.

"इथूनच करायचो फोन," तो म्हणाला. "मला फुटबॉलचं एवढं वेड नव्हतं हो कधी. त्याला होतं. आधी पाय गेले, मग हात. शेवटी तर पेला धरवत नव्हता. सकाळी रेडिओ लावला की म्हणायचा, डॅडी, ती बाई बघ काय बोलतेय, लाव फोन, सोडू नकोस तिला. काय बोलायचं तेही तोच सांगायचा तिकडून. ते च्युइंगमचं, प्रवास वाचतो ते, सगळं त्याचं. माझं तोंड, डोकं त्याचं. तुम्ही चिडलात की असा खूश व्हायचा..."

म्हणजे आठ वर्षं ती ज्याच्याशी भांडली तो हा. सकाळी सातपासून जुळवाजुळव करायची ती याच्यासाठी. घास तोंडात घेतला होता तो तसाच राहिला.

"ऑगस्टमध्ये आवाज गेला त्याचा," हॉलिस म्हणाला. "मग मी काय बोलणार? ऐकू मात्र यायचं. म्हणून रेडिओ चालू ठेवायचो."

"आणि नोव्हेंबरात?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण न विचारता तिथून उठता आलं नसतं.

हॉलिसने सुरी पुसली, फडक्यात गुंडाळली, पुन्हा उघडली.

"नोव्हेंबरात मी रेडिओ बंद करायला जायचो. तर तो म्हणायचा, राहू दे डॅडी. बघू या, या वर्षी तरी ती विसरलीय का."

तिने डोळे मिटून घेतले. बकचे हात कमरेला लागतात का ते तिने पाहिलं, नेहमीसारखं. लागले नाहीत.

"मंगळवारी," ती म्हणाली, आणि तिचा तो राज्यभर ओळखला जाणारा आवाज इतका लहान झाला की हॉलिसला पुढे वाकावं लागलं. "त्या मंगळवारी तो झोपला असेल ना? औषधं वगैरे... डोळा लागला असेल."

हॉलिस पीव्हीला तिथे खोटं बोलता आलं असतं. चांगला माणूस होता, बोलायची इच्छाही असावी. त्याने तिच्या बशीतला अर्धा राहिलेला तुकडा पाहिला, मागच्या खोलीकडे पाहिलं, आणि त्याला ते जमलं नाही.

"नाही, मिस आयडेल," तो म्हणाला. "जागा होता."