कोरडं वजन: सहा किलो सहाशे

मी एक जुनी चेन सॉ आहे. साखळीची, पेट्रोलवर चालणारी करवत. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते: मित्रांनो. तुम्ही निबंधात मला झाडांची वैरीण ठरवता आणि फांदी गाडीवर पडली की माझ्याच मालकाला फोन करता. तेव्हा मैत्रीचं राहू द्या.

वजन: ६.६ किलो.
ताकद: साडेपाच हॉर्सपॉवर.

मला कोणी घडवलं ते कुठेच लिहिलेलं नाही. हे दोन आकडे मात्र माहितीपत्रकावर ठळक छापलेत.

अय्युबभाईंनी मला अकरा वर्षं चालवलं. सोसायट्यांमधल्या धोकादायक फांद्या उतरवणं हे त्यांचं काम. कमरेला दोर, चाळीस फूट उंची, हातात मी. खाली उभे असलेले लोक म्हणायचे, "काय मशीन आहे!" माणसाबद्दल कोणी काही बोलायचं नाही.

यंदा त्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, हलकं मशीन घ्या, नाहीतर झाडावर चढणं विसरा. झाडाशिवाय त्यांना दुसरं काही येत नाही. म्हणून परवा ते मला घेऊन शनिवार पेठेतल्या हत्यारांच्या दुकानात आले. बरोबर त्यांची बायको रझिया. तिचा मंडईत कांदा-बटाट्याचा गाळा आहे.

दुकानदार श्यामसुंदरशेठनी दोन मशीनं काउंटरवर ठेवली.

पहिलं: ६.२ किलो. पावणेसहा हॉर्सपॉवर.
दुसरं, बॅटरीचं: २.९ किलो. दोन हॉर्सपॉवर.

दोन! एवढ्यावर लोक चटणी वाटतात.

अय्युबभाईंचा हात पहिल्याकडे गेला. "हेच द्या. जुन्यापेक्षा हलकं आणि जोर जास्त."

मला राग आला. माझ्या जागी माझीच तरुण बहीण.

रझियाने माहितीपत्रक ओढून घेतलं. "शेठ, हे वजन पोत्यासकट की पोत्याशिवाय?"

"ताई, ही करवत आहे. बटाटे मंडईत मिळतात."

"मंडईतूनच आले. सांगा."

"कोरडं वजन आहे ते. कंपनी तसंच छापते."

"म्हणजे काय काय काढून?"

शेठनी चष्मा पुसला. "साखळी फिरते ती पट्टी, साखळी, पेट्रोल, तेल."

"म्हणजे पाटी, बटाटे आणि माती काढून बटाट्याचं वजन. खिळे कशावर मोजता?"

शेठनी मुकाट्याने खिळ्यांचा काटा पुढे सरकवला. दाखवायला ठेवलेलं मोठं मशीन तयारच होतं. त्याला पट्टी-साखळी होती, टाकी भरलेली.

८.६.

बॅटरीवाल्या मशीनचं तोंड उतरलेलं बघायला मी उत्सुक होते. बॅटरी बसवली, पट्टी-साखळी लावली, साखळीचं तेल भरलं.

५.२.

उतरलं, पण पुरेसं नाही.

"आता हिला ठेवा," रझिया म्हणाली. ही म्हणजे मी. सकाळीच माझी टाकी भरली होती.

९.१.

अय्युबभाई काट्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अकरा वर्षं मी साडेसहा किलो समजत होतो. हात थरथरायला लागला की वाटायचं, आपण कमी पडतोय."

"अहो, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? साडेसहा किलो पेलत नाही म्हणून?"

रझियाने पदर सावरला आणि शेठवर डाफरली, "ते बॅटरीचं बांधा. दोन बॅटऱ्या. आणि फांदी कापायला दोन घोडे पुष्कळ झाले, हसू नका."

"मी कुठे हसलो?"

"हसणार होतात."

शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे भंगारात टाकू?"

"राहू दे," अय्युबभाई म्हणाले. "खाली पडलेलं खोड कापायला लागेल. वर नेणार नाही."

त्यांनी मला डाव्या हाताने उचललं. मी आभार मानले नाहीत.

मित्रांनो, आता शेवटी उपदेश करायचा असतो. साखळीला वेळेवर कानस मारा, पेट्रोलमध्ये तेल मोजून घाला. माझ्यासाठी एवढं पुरे. मला माया लावू नका. खांदा निखळला, हात भरून आला, तरी मी थांबत नाही. माझा खटका दाबलेला असेपर्यंत मी समोर येईल ते कापते. म्हणून निगा राखायची तर मला धरणाऱ्याची राखा. त्याला विचारा, जड होतंय का. तो नाही म्हणेल. पुन्हा विचारा.