दोन यंत्रे, एकच क्रमांक

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. डोळ्यांच्या इस्पितळाच्या तळघरात, एका थंडगार खोलीत माझा मुक्काम असतो. दिसायला मी नुसती चपटी पेटी; पण माझ्या पोटात बरेच भाडेकरू राहतात. ती आभासी यंत्रे. त्यांना हात लावता येत नाही, काम मात्र खऱ्या संगणकासारखे करतात. एक रुग्णांच्या वेळा सांभाळते, एक औषधांचा साठा, तर एक तपासणीचे अहवाल डॉक्टरांपर्यंत पोहोचवते.

कारखान्यातून निघताना माझ्या मदरबोर्डवर एक लांबलचक ओळख क्रमांक घातला गेला. तसा क्रमांक जगात दुसऱ्या कुणाचा नसतो, अशी माझी समजूत होती. वर्षानुवर्षे मी राबलो. पाहुणे आले की इस्पितळाचे साहेब कौतुकाने म्हणत, "हा आमचा घरचाच माणूस. कधी कुरकुर नाही!"

मग काम वाढले आणि माझ्या शेजारी नवा सर्व्हर आला. त्याच कारखान्यातला, त्याच तोंडवळ्याचा. सोबत मिळाली म्हणून मी खूश झालो. पण त्याला जोडताच आमच्यावर देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमच्या पडद्यावरून मीच गायब! जरा वेळाने मी दिसू लागलो, तर तो नाहीसा. माझ्यासाठीचे हुकूम त्याच्याकडे जाऊ लागले. तो बिचारा काय करणार? भाडेकरू तर माझ्या पोटात. अहवाल अडकले.

वरच्या मजल्यावर एक आजी उपाशीपोटी शस्त्रक्रियेची वाट पाहत बसल्या होत्या. डॉक्टरांचा फोन आला, "डोळ्याचं माप समोर नाही, मी भिंग कुठलं बसवू?"

साहेब वैतागले. "जुनाच दगा देतोय. काढा त्याला, भंगारात टाका."

मित्रांनो, मी धडधाकट होतो, पण सांगणार कसा? तेवढ्यात आमची देखभाल करणाऱ्या ताई पुढे झाल्या. त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला.

"थांबा साहेब, हा चालू आहे. चांगला गरम लागतोय."

"मग पडद्यावर का दिसत नाही?"

ताईंनी आम्हा दोघांनाही आमचे क्रमांक विचारले, आणि त्यांना हसूच फुटले. "अहो, दोघांचा क्रमांक एकच आहे! कारखान्यातच घोळ झालाय. प्रोग्रॅमला वाटतंय, यंत्र एकच आहे."

"असं कसं होईल?"

"माझी जुळी बहीण आहे, साहेब. शाळेत तिचा मार मी खाल्लाय. मला असले संशय लवकर येतात."

त्यांनी आधी नव्याची तार काढली. अहवाल धावत सुटले आणि आजी शस्त्रक्रियेसाठी आत गेल्या. मग ताईंनी नव्यासाठी वेगळा क्रमांक तयार केला आणि मदरबोर्डवरच्याऐवजी तोच वाचला जावा म्हणून त्याच्या डिस्कवर जपून ठेवला. शिवाय प्रोग्रॅमलाही शिकवले, की नवीन कुणी आले तर आधी त्याचा क्रमांक तपासायचा आणि तो दुसऱ्याचा असेल तर जोडायचेच नाही.

दुसऱ्या दिवशी ताई हसतच खाली आल्या. "साहेब, आजींची पट्टी काढली. डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, 'अगंबाई, तुम्ही तर माझ्या नातवाएवढेच आहात हो!'"

साहेबही हसले. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "याची धूळ जरा पुसून घ्या."

आता आम्ही दोघे पडद्यावर एकाखाली एक दिसतो. माझे काही भाडेकरू शेजारी राहायला गेले, त्यामुळे माझाही भार हलका झाला. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आम्हाला कामाला लावण्याआधी ज्याची त्याची ओळख ज्याला त्याला द्या. आणि आमच्यापैकी कुणी दिसेनासा झाला, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा खाली येऊन बघा.