शिकवणीच्या गाडीतला दुसरा क्लच

मी क्लच बोलतोय. ड्रायव्हरच्या पायाखालचा नव्हे, तो माझा थोरला भाऊ. मी शिकवणीच्या गाडीतला, शेजारच्या सीटपुढचा. तिथं मास्तर बसतात.

गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा मी नव्हतोच. मास्तरांनी गाडी शिकवायला घेतली, तेव्हा एका वेल्डिंगवाल्याच्या दुकानात मला आणि माझ्या बाजूच्या ब्रेकला बसवून घेतलं. एका तारेनं मला थोरल्याशी जोडलं. मला दाबलं की तोही खाली जातो. त्याला दाबलं तर मला पत्ता लागत नाही. धाकट्याला दुखलं की थोरल्यानं वाकायचं, थोरल्याचं दुखणं धाकट्याच्या कानावरही जायचं नाही, ही तऱ्हा बऱ्याच घरांत असते असं ऐकतो.

माझ्यात जन्मापासून एक खोड आहे. दाबलं की मी वाजतो. कुंई. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "तेल घालायला हवं." त्याला आता नऊ वर्षं होतील. अजून तेच म्हणतात.

माझी जागा खाली, पायांशी. तोंडं मला दिसत नाहीत, चपला-बूट दिसतात, आणि बोलणं सगळं ऐकू येतं. ऐकू नये असं कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे कुणाची सून माहेरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, कुणी घरी न सांगता शिकायला येतं, हे मला ठाऊक असतं. मी कुणाला सांगत नाही. मला वाजण्यापलीकडे काही येतच नाही.

ताई आल्या निळ्या कापडी बुटांतून, नाड्यांना दुहेरी गाठ मारून. वय सत्तेचाळीस. फॉर्म गाडीतच भरला म्हणून कळलं. घरचा धंदा इस्पितळांच्या चादरी धुवून, इस्त्री करून पोचवायचा. धुणं ताईंकडे, व्हॅन यजमानांकडे. बावीस वर्षं असं चाललं. मग यजमानांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. व्हॅनला समोरचंच लागतं. तेव्हापासून व्हॅन दीर चालवत होते, पण अडीच महिन्यांनी ते दुसऱ्या गावी नोकरीवर जाणार होते. त्यानंतर व्हॅन एकतर ताईंनी चालवायची, नाहीतर विकायची. व्हॅन गेली की धंदा गेला. चादरी काही आपल्या पायांनी इस्पितळात जात नाहीत.

"क्लच पूर्ण दाबा ताई," मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले. "आता हळू सोडा. पायाखाली अंडं आहे असं समजा."

"अंडं कशाला? आमच्या यजमानांचा पाय आहे असं समजते."

"मग तर जोरात दाबाल."

ताई हसल्या आणि गाडी दचकून पुढे गेली. तेवढ्यात मास्तरांचा पाय माझ्यावर आला. कुंई. गाडी सुतासारखी सरळ झाली.

इथंच सगळं घडलं, म्हणून नीट सांगतो. बाळाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तुम्ही पाहिलं असेल. तिला विचारलं तर ती नाही म्हणेल. मास्तरांच्या पायाचं तसंच होतं. शिकणाऱ्यानं क्लच दाबायची वेळ झाली की मास्तरांचा पाय आधीच माझ्यावर असायचा. सोडायची वेळ झाली की हळूहळू, लोणी वितळावं तसा सुटायचा. मी खाली, थोरला खाली, थोरल्यावरचा निळा बूटही खाली. लबाडी नव्हती. मास्तरांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

आठवड्याभरात ताई म्हणाल्या, "मास्तर, तुमचा क्लच फार समजूतदार हो. मी मनात आणते तोवर खाली गेलेला असतो. आमच्या घरात एवढं ऐकणारं कुणी नाही."

"सराव, ताई. हा सराव," मास्तर म्हणाले.

मी कानकोंडा झालो. पण कौतुक कुणाला नको असतं?

दोन महिन्यांनी परीक्षा आली. परीक्षेत मास्तर बाहेर उभे राहतात आणि माझ्या समोर परीक्षा घेणाऱ्या बाई बसतात. काळे बूट, चकचकीत पॉलिश. त्यांनी पाय माझ्यापासून लांब, एकावर एक ठेवले. त्यांचा पाय माझ्यावर किंवा ब्रेकवर पडला की शिकणारा नापास, असा नियम आहे.

सपाटीवर कसंबसं जमलं. मग चढ. चढावर थांबायचं आणि मागे न सरकता पुन्हा निघायचं. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ताई म्हणाल्या, "क्लच आज कडक झालाय."

"सगळ्यांचा आजच होतो," बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी खरडलं.

मी तिथंच होतो. मला कारण ठाऊक होतं. पण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि कुणी दाबेना.

ताई नापास झाल्या. मास्तर म्हणाले, बूट बदला. दीर म्हणे घरी म्हणाले, वहिनी घाबरल्या. ताई दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या, बूट काढला आणि त्याचा तळ उलटसुलट करून पाहिला, काही चिकटलंय का म्हणून.

"बारा दिवस उरले मास्तर," त्या म्हणाल्या. "काल व्हॅन बघायला गिऱ्हाईक आलं होतं. टायरला लाथा मारून बघत होता मेला. हे आत बसले होते. एकेक लाथ ऐकत होते."



त्यानंतरच्या शिकवणीला यजमान सोबत आले. मागच्या सीटवर बसले.

"तुम्हाला दिसत नाही, तुम्ही काय बघणार?" ताई म्हणाल्या.

"तू चालव. मला बघायचं नाहीच."

गाडी निघाली. पहिला गिअर, कुंई. दुसरा, कुंई. कोपऱ्यावर यजमान म्हणाले, "मास्तर, हे काय वाजतं?"

"तेल घालायला हवं."

"तेलाचं नाही म्हणत. हिचा हात गिअरवर जायच्या आधीच वाजतं. हिचं असं आधी काही होत नाही. तीस वर्षं बघतोय."

"अहो!"

"खोटं आहे का? आणि आवाज तुझ्या पायाशी नाही. मास्तरांच्या पायाशी आहे."

"मी कशाला दाबू?" मास्तर दुखावले. "माझे पाय बाजूला असतात. किती वर्षं शिकवतोय मी!"

"चढावर घे बघू," यजमान बायकोला म्हणाले.

ताईंनी चढावर गाडी थांबवली. मग निघायला लागल्या.

कुंई.

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा तपकिरी बूट माझ्यावर होता, चांगला पंजासकट. दुसऱ्याच्या ताटात आपला हात सापडावा तसा तो त्यांनी हळूच उचलला. गाडी लगेच बंद पडली.

"म्हणजे दोन महिने तुम्हीच चालवत होतात?" ताईंनी विचारलं.

"अर्धी," मास्तर म्हणाले.

"मग अर्धी माझी होती?"

मास्तरांनी विचार केला. "हो. स्टिअरिंग पूर्ण तुमचं. गिअर तुमचे. अर्धी नक्की तुमची."

"अर्धी म्हणजे पुष्कळ झाली," मागून यजमान म्हणाले. "उरलेली अकरा दिवसांत होईल. मास्तर, तुम्ही मांडी घालून बसा."

मास्तरांनी खरोखर सीटवर मांडी घातली. त्यांना ती नीट घालता येत नव्हती, एक गुडघा गिअरला लागत होता. त्या दिवशी गाडी सतरा वेळा बंद पडली. मागून एक टेम्पोवाला ओरडला, "बाई, गाडी चालवताय की पाळणा हलवताय?" यजमान खिडकीतून म्हणाले, "झोप आली असेल तर बाजूनं जा." ताई रडतात की काय असं मला वाटलं. त्यांनी बूट काढला आणि अनवाणी पायानं पुन्हा क्लच दाबला.

"कुठं थरथरतं ते बघ," यजमान म्हणाले. "थरथरलं की तिथंच थांब. तिथं गाडी तुला धरून असते. मग हँडब्रेक सोड."

"मला नाही कळत थरथरतं कुठं."

"मला मागे कळतं. आत्ता. आत्ता थांब."

अकरा दिवस असे गेले. बंद पडणं सतरावरून नऊवर आलं, मग चारवर, मग एका दिवशी पुन्हा सहावर. शेवटच्या दिवशी दोन.

दुसरी परीक्षा. तेच काळे बूट. ताईंचे निळे बूट, तीच दुहेरी गाठ. यजमान आणि मास्तर चढाखाली भिंतीशी उभे होते म्हणे, मास्तर कुणालाही दिसावं अशा बेतानं हात पाठीमागे बांधून. पाय बांधता आले असते तर बांधले असते.

चढावर गाडी थांबली. हँडब्रेक ओढला. ताईंनी क्लच सोडायला सुरुवात केली. इंजिनाचा आवाज खाली आला. हँडब्रेक सुटला आणि गाडी चार बोटं मागे गेली.

काळा बूट उचलला गेला. थेट माझ्यावर येऊन अधांतरी थांबला. पावलाची सावली मला झाकून गेली. नऊ वर्षं मला दाबलं म्हणजे माझा उपयोग झाला असं मी समजत आलो होतो. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, बाई, नको. माझ्यावर पाय ठेवू नका.

गाडी थरथरली. तिथंच थांबली. मग बोटभर पुढे, मग हातभर, मग चढ संपला. काळा बूट मागे गेला आणि पुन्हा दुसऱ्यावर बसला.

"चला, पुढे वळवा," बाई म्हणाल्या. तेवढंच. पण त्यांनी मोठा श्वास सोडला तो मी ऐकला.

ताई पास झाल्या. खाली उतरून यजमानांना सांगायला गेल्या तर ते म्हणाले, "कळलं मला. वाजला नाही." मग मास्तर खिशातून तेलाची बुधली काढत म्हणाले की आज याला तेल घालूनच टाकतो. यजमानांनी हात धरला. "घालू नका. वाजला म्हणून कळलं."

तेल राहिलं ते राहिलंच. आता शिकवणीत मी चुकून वाजलो की शिकणारे, मास्तर, मागे बसलेलं कुणी असेल तर तेसुद्धा, सगळे खाली बघतात आणि तपकिरी बूट मुकाट्यानं बाजूला होतो. गाडी आता जास्त वेळा बंद पडते. लोक जास्त दिवस शिकतात. मास्तरांची मांडी मात्र सुधारलीय.

माझ्यावर गंज धरायला लागलाय. तक्रार नाही. एक सांगणं आहे. कधी कुणाच्या शेजारी बसलात आणि ते माणूस काही शिकत असेल, तर आपला पाय कुठं आहे ते एकदा वाकून बघा. तुम्हालाही ठाऊक नसेल.

सकाळी चादरींची व्हॅन आमच्या शेजारून जाते. ताई हॉर्न देतात, आणि बाजूच्या सीटवरून यजमान ओरडतात, "मास्तर, पाय!" मलाही उत्तर द्यावंसं वाटतं. पण त्यासाठी कुणीतरी दाबायला हवं. कुणी दाबत नाही. म्हणजे बरं चाललंय.